जिभेची रजा

चहाच्या त्या कंपनीत तिला साहेबांपासून सगळे ‘वहिनी’च म्हणत, कारण चव घेण्याच्या खोलीत तिची सख्खी नणंदही कामाला होती. वहिनीचं काम काय? चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, थुंकायचा आणि निकाल द्यायचा. तिनं नाक मुरडलं की अख्खा माल परत. नणंदही चव घ्यायची, पण शेवटचा शब्द वहिनीचा. उगाच नाही!

त्या सकाळी पहिल्याच कपाला तिनं तोंड वाकडं केलं. “शी! लोखंड चाटल्यासारखं लागतंय.”

“वहिनी, मला तर छान लागला,” नणंद हळूच म्हणाली.

“तुला काय, सगळंच छान लागतं!”

दुसऱ्या कपाला तेच, तिसऱ्यालाही तेच. आता मात्र वहिनीला चैन पडेना. तीन वेगळ्या मळ्यांच्या चहाला एकच खोड कशी? तिनं किटली पालथी घातली, चमचा बदलला, नळवाल्याला बोलावून पाइप उघडायला लावला. गंजाचा मागमूस नाही. बिचारा डोकं खाजवत निघून गेला. मग ती घरून आणलेलं पाणी प्यायली. तेही लोखंड! शेवटी नुसताच आवंढा गिळून पाहिला.

“अगंबाई! हे तर माझ्याच तोंडात आहे.”

हिरडी सुजली म्हणून कालपासून प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होत्या. तिनं थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“होतं असं या गोळीनं,” बाई म्हणाल्या. “औषध लाळेत उतरतं. घाबरू नका, गोळ्या संपल्या की जाईल.”

“सूज उतरायला लागलीय. बंदच करते ना! माझं पोट जिभेवर आहे हो.”

“सूज उतरली म्हणजे जंतू संपले असं नाही. मनानं बंद करू नका. सांगितल्या वेळी, खाल्ल्यावर, पाण्याबरोबर घ्या. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन नकोत. पुरळ उठलं तर लगेच कळवा, श्वास अडला तर तडक दवाखाना गाठा. आणि दारू अजिबात नको.”

“अहो, मी चहासुद्धा थुंकून टाकते!”

फोन ठेवते तोच साहेब दारात. “मग, तिन्ही माल परत ना?”

वहिनीनं तिन्ही कपांकडे पाहिलं. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आपल्या हिरडीपायी कुणाच्या तरी मळ्यातला चांगला चहा नाकारला जायचा. आणि खरं सांगावं, तर या खोलीत आपलं स्थान ते काय उरणार?

“साहेब, दोष चहात नाही, माझ्या जिभेत आहे. औषध चालू आहे. तोवर निकाल माझी नणंद देईल.”

नणंदेनं चमचा उचलला खरा, पण नजर वहिनीच्या भुवयांवर. वहिनीनं मुद्दाम पाठ फिरवली. मागे तीनदा सुर्रकन आवाज झाला, मग पुन्हा एकदा. वळून बघायची तिला भारी उबळ आली.

“पहिला चांगला आहे, तिसराही,” नणंद म्हणाली. “पण दुसऱ्याला धुराचा वास आहे. परत पाठवा.”

धूर! वहिनीला त्याचा पत्ताही लागला नव्हता. साहेबांनी सवयीनं तिच्याकडेच पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली. “सांगितलं ना तिनं?”