दोन्ही वाट्यांखाली

मटाराची तोडणी ऐन भरात आली होती आणि अनसूयाबाईंनी सुनेच्या अंगावरची घोंगडी खसकन ओढून बांधावर भिरकावली.

"डोक्यावर ऊन आलं अन् ही पांघरून रडून राह्यली! बेबी, पाय वं हिच्याकडं. काय झालं म्हनावं हिले?"

शेजारची बेबीताई शेंगा तोडता तोडताच म्हणाली, "लागलं असन काई बाहेरचं. गरवार बाई, दिवेलागनीले विहिरीवर जाते."

विनता आपल्या पाटीकडे बघत बसली. बाकीच्या बायांनी दुसरी पाटी धरली होती आणि तिच्या पाटीचं अजून बूडही झाकलं नव्हतं. हात उचलायचा म्हणजे जातं ओढावं तसं व्हायचं. पाठीवर ऊन घेऊनही हुडहुडी जात नव्हती. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा. रडू यायला तर कारणच लागत नव्हतं. कधी कधी पोटातलं लेकरूसुद्धा नकोसं वाटायचं आणि मग ती स्वतःलाच भ्यायची.

हे कशानं होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. वर्षामागं तिच्या गळ्याशी गाठ आली, असंच सुस्त वाटायला लागलं, तेव्हा नवऱ्यानं, चंद्रशेखरनं, तिला रांझीच्या दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरणीनं गोळ्या दिल्या, रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या. विनता महिना-दोन महिन्यांत पाखरासारखी हलकी झाली. मग दिवस गेले, आणि सासूनं गोळ्यांची बाटली पदरात बांधून तिलवाऱ्याच्या घाटावर नेली, नर्मदामाईत सोडली. "पोटात लेकरू अन् तोंडात गोळ्या? माह्या घरात चालनार नाई."

बाई दुष्ट नव्हती. स्वतःच्या पहिल्या खेपेला तिनं वैदाची पुडी घेतली आणि पोर निळं पडून गेलं, ते ती आयुष्यभर विसरली नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो; अनसूयाबाईंनी ताकाचं मडकंच फोडलं होतं. चंद्रशेखर मध्ये पडला असता, पण लढाई लागली होती, त्याचा दारूगोळ्याचा कारखाना दिवसरात्र धडधडत होता आणि गडी तिथंच जेवून तिथंच आडवा होत होता.

"उद्या तिलवाऱ्याले चाल," सासू म्हणाली. "नथ्थू भगत उतारा करन."

"मी येत नाई."

"काय म्हनलं?"

"येत नाई म्हनलं, आत्याबाई." घोगऱ्या आवाजातच, पण बांधाच्या पलीकडं ऐकू जावं असं. "माह्यात कोनी शिरलं नाई. तुमी गोळ्या बुडवल्या, तवापासून मीच माह्यात नाई."

तोडणाऱ्या बायांचे हात थांबले. अशी सून त्या शिवारात कोणी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासू सुनेची चोळी आणि नारळ घेऊन एकटीच बसमध्ये बसली. सून येत नाही तर तिच्या चोळीवरून उतरवू, असा तिचा हिशेब. इकडं सासरे अण्णा मटाराची पोती घेऊन रांझीच्या बाजाराला निघाले, तर विनता पोत्यांवर चढून बसली.

बैलाच्या शेपटीला हात घालता घालता अण्णा थांबले. "तुही सासू मले इचारन, त काय सांगू?"

"सांगा, सून मटर इकाले गेली."

म्हातारा मिशीत हसला आणि गाडी हाकली.

डॉक्टरणीनं गळा चाचपला, रक्त घेतलं आणि हिंदीत झाडायला सुरुवात केली. "गोली किसने बंद की? अब तो पहले से ज़्यादा लगेगी। बच्चे को भी यही चाहिए।"

विनतानं मान खाली घालून विचारलं, "दीदी, इतना रोना आता है, बच्चा भी अच्छा नहीं लगता। मेरा मन खराब है क्या?"

"मन नहीं री। गले की गाँठ जो रस बनाती है, वो कम पड़ रहा है। बदन सुस्त, तो मन भी सुस्त।"

परतताना विनता रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसून पुन्हा रडली. पण आज रडायला कारण होतं.

नव्या गोळ्यांची बाटली लुगड्याच्या घडीत गेली. चूल पेटायच्या आधी विनता गोळी गिळायची. संक्रांत आली तोवर तोंडाची सूज उतरली, हात चालायला लागले. लेकरानं लाथ मारली की ती एकटीच हसायची. अनसूयाबाई गावभर सांगत सुटल्या, "नुसत्या चोळीवरून उतरवलं नथ्थूनं!" नथ्थूला वर एक कोंबडाही पोचला. विनतानं तेही गोळीबरोबर गिळलं असतं, पण बेबीताईची सून कुंदा गरवार होती, तिचाही गळा फुगला होता, आणि बेबीताई तिची चोळी घेऊन तिलवाऱ्याला निघायच्या बेतात होती.

डोहाळजेवणाच्या दिवशी विनताला हिरवं लुगडं नेसवून, झेंडूच्या माळा घालून पाटावर बसवलं. पुढं दोन वाट्या पालथ्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या मांडायचं काम तिनं सकाळीच मागून घेतलं होतं.

"उचल वं!" बाया ओरडल्या.

तिनं वाटी उचलली. खाली एक पांढरी गोळी. दुसरी उचलली, तीच गोळी.

"हे काय वं?" बेबीताईनं विचारलं.

"पेढा निघो का बर्फी, दोघाईले हेच लागते," विनता म्हणाली. "नथ्थूनं काई केलं नाई. मी रांझीहून आनल्या. रोज घेतल्या. आता लपून घेनार नाई, अन् कोनी बुडवल्या त पुन्हा आनीन. कुंदा, उद्या अण्णाच्या गाडीत बस, तुहाही गळा दाखवू."

तिनं सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. एक गोळी उचलून सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली, दुसरी बाटलीत टाकली.

अनसूयाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे... माहा कोंबडा?"

"कोंबडा गेला," अण्णा ओट्यावरून म्हणाले, "सून राह्यली."

सासूनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं. बेबीताई पुरणपोळीचं ताट घेऊन पुढं झाली, तसा सासूनं हात आडवा केला.

"थांब वं, आताच वाढू नको," ती म्हणाली. "उपाशीपोटीची आहे ना थे. गोळी उतरू दे तिची."