खाणीतून आलेली लहर

मी एक जुना ऑसिलोस्कोप आहे. मित्रांनो, माझ्या गोल हिरव्या पडद्यावर विजेची लहर रेघ होऊन दिसते.

उमेदीची वर्षे मी रुमानियातल्या झिऊ खोऱ्यात, एका कोळशाच्या खाणीच्या संदेशकक्षात काढली. तिथे इंजिनियर रुक्सांद्रा माझ्यावर काम करत. खालच्या संदेशयंत्राची लहर तारेने वर येई. आवाजाच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी ती दाट-विरळ होई. कोणी बोलत नसले, तरी यंत्र आपणहून एक सूर पाठवत राही. मूळ लहर आणि सूर, दोन्ही यंत्रातल्या एकाच कंप पावणाऱ्या स्फटिकातून निघत. सुराच्या एका हेलकाव्यात मूळ लहरीचे फेरे नेमके पुरे बसत, एकही अर्धवट उरत नसे. म्हणून तेच चित्र पुन्हा पुन्हा येऊन पडद्यावर गोठल्यासारखे उभे राही. माणूस बोलला की ते मोडे.

एका हिवाळ्यात खाली आग लागली. सगळे वर आले, पंपावरचा इलिए आगीपलीकडे अडकून राहिला. बचावपथकाचे प्रमुख त्राईयान बोगद्याचे तोंड भिंत घालून बंद करायला निघाले होते, म्हणजे आग गुदमरेल. तेवढ्यात माझे चित्र थरथरून मोडले. रुक्सांद्रांनी कानाला लावलेल्या यंत्रात नुसती त्या सुराची शिट्टी वाजत होती. तिच्याखाली कुजबुज ऐकू येणे शक्यच नव्हते.

"साहेब, खाली कुणीतरी बोलतंय," रुक्सांद्रा म्हणाल्या.

"बॅटरी उतरली असेल, इंजिनियरबाई."

"बॅटरी उतरली तर चित्र बुटकं होईल, मोडणार नाही. दोन्ही लहरी एकाच स्फटिकाच्या, बिघडल्या तरी एकमेकींना धरूनच बिघडतील. हा इलिए आहे."

त्राईयान यांनी वाकून पडदा पाहिला. "वायू वाढतोय, कधीही स्फोट होईल, बाई. एकासाठी किती जणांना पुरू?" एवढे म्हणून ते गेले. भिंत चढू लागली.

रुक्सांद्रा जागच्या हलल्या नाहीत. बटण दाबून त्या खाली बोलत राहिल्या. भिंतीबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही. सबिना फाटकाशी उभी आहे, तुमचा कोट हातात घेऊन, एवढे सांगितले. सबिना इलिएची बायको. माझ्या पडद्यावरचे चित्र पार विस्कटून गेले.

मग हळूहळू चित्र स्थिर झाले. इतके नितळ चित्र मी कधी दाखवले नव्हते. रुक्सांद्रांनी माझ्या पेटीवर डोके टेकवले.

चौकशीत त्राईयान यांनी काही लपवले नाही. "चित्र मोडलं होतं. मी पाहिलं. तरी भिंत मीच घातली," ते म्हणाले. त्यांचे पथक मात्र जिवंत परतले होते.

पुढे खाण बंद झाली. आता मी एका तंत्रशाळेच्या तळघरात पडून आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माणसाला जमिनीखाली पाठवण्याआधी त्याला वर यायला दुसरी वाट खणून ठेवा. ती असती, तर त्या दिवशी कोणालाच काही ठरवावे लागले नसते.