टोपी बसेना!

मी एक पुंगळी बोलतेय. पिस्तुलाच्या काडतुसाची, पितळेची. बार झाला की गोळी पुढे जाते आणि सगळे तिच्याकडे बघतात. मी बाजूला उडते आणि कुणाच्या तरी बुटाखाली येते.

माझ्या बुडाला एक इवलीशी गोल खोबण आहे. तिच्यात टोपी बसते. पिस्तुलाचा घोडा टोपीवर आपटला की ठिणगी पडते आणि माझ्या पोटातली दारू पेटते. ही टोपी हलू नये म्हणून कारखान्याने खोबणीच्या तोंडाशी पितळ दाबून एक कडं केलं. पहिला बार झाला, जळकी टोपी काढली, कडं मात्र तसंच राहिलं. आता नवी टोपी आत जायची कशी? कारखान्याला त्याचं काय! त्यांच्या लेखी मी एकदाच वापरायची वस्तू.

शिरूरच्या नेमबाजी क्लबात मात्र आम्हाला फेकत नाहीत. तिथे काडतुसं पुन्हा भरायचा रीतसर परवाना आहे. कुलूपबंद खोलीत ते काम मल्हारीआबा करायचे. न्हावऱ्याचे हे गृहस्थ रांजणगावच्या एका कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेले. हात कसबी, पण डोकं तापट. आणि त्यांची बायको तुळजाबाई, दौंडला पोलिसात नोकरी केलेली, क्लबातली सगळ्यात चांगली नेमबाज. नवरा काडतुसं भरणार, बायको नेम धरणार, असा तो संसार.

बादलीत माझ्यासारख्या कड्याच्या पुंगळ्या आणि साध्या पुंगळ्या एकत्रच पडलेल्या. वेगळ्या करायला हव्या होत्या. पण आबांना तेवढा दम कुठला?

माझी पाळी आली. आबांनी टोपी बसवायच्या यंत्राचा दांडा दाबला. टोपी कड्याला अडली.

"ह्यांच्या मायला! ही बी घट्ट!" आबा ओरडले. "सकाळधरनं हेच चाललंय. एक बसती, दुसरी अडती!"

तुळजाबाई दारात उभ्या होत्या. "अवो, अडती तर बाजूला ठेवा की. आन् चष्मा कुठं हाय तुमचा? टोपी फुटली म्हंजी?"

"तू नेम धर. हितलं मला कळतंय."

त्या गेल्या आणि आबांनी दोन्ही हातांचा जोर दांड्यावर घातला. टोपी करकरत, तिरकी होत, अर्धीमुर्धी आत शिरली. अशी जबरदस्ती केली की कधी कधी टोपी तिथंच फुटते, हे आम्हा पुंगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. ती फुटली नाही, एवढंच नशीब. आबांनी माझ्या बुडावरून बोट फिरवलं. टोपी जराशी वर राहिलेली त्यांना लागली, हे मला नक्की कळलं, कारण बोट तिथं थांबलं होतं.

"चालतंय," ते म्हणाले, आणि मला दारू आणि गोळी भरून डब्यात टाकलं.



रविवारी दौंडला क्लबाक्लबांची स्पर्धा होती. शेवटच्या फेरीपर्यंत तुळजाबाई पुढे होत्या. मग मॅगझिनमधून मी वर आले. घोडा पडला. पण टोपी वर राहिलेली. घोड्याचा सगळा मार तिला आत ढकलण्यातच संपला. नुसता 'खट्' असा आवाज झाला.

तुळजाबाई हलल्या नाहीत. पिस्तूल निशाण्याकडेच धरलेलं. नियम असा की अशा वेळी दुसऱ्या हाताने पिस्तुलाला न शिवता तो हात वर करायचा. पंच येऊन बघतात आणि फेरी पुन्हा खेळू देतात. त्यांचा डावा हात वर निघालाच होता.

तेवढ्यात मागून आबा किंचाळले, "अगं वढ! स्लाईड वढ!"

इतक्या वर्षांच्या संसाराची सवय. वर निघालेला हात खाली आला आणि त्यांनी पिस्तुलावरची सरकती स्लाईड मागे ओढली. मी न वाजताच बाहेर पडले, टणटणत सिमेंटवर.

पंचांनी मान हलवली. "ताई, तुम्ही हात लावला. आता फेरी पुन्हा मिळणार नाही."

त्या बाराला शून्य मिळालं आणि पहिला नंबर भांडगावच्या एका पोराने नेला.

मला तपासणीसाठी डबीत घालून परत आणत होते, म्हणून परतीच्या गाडीतलं बोलणं मी ऐकलं.

"ती टोपी वर ऱ्हायली हुती. तुमाला कळलं न्हवतं?" तुळजाबाईंनी विचारलं.

"कळलं हुतं."

"मग?"

"कट्टाळलो हुतो गं."

"शून्याचं मला काय न्हाई. पर दाबताना फुटली असती, डोळा गेला असता, तर म्या कुणाकडं बघायचं हुतं?"

आबांनी डबी उघडून माझ्या बुडावरून पुन्हा बोट फिरवलं.

"हितनं पुढं माझी काडतुसं मी भरणार," बाई म्हणाल्या.

क्लबाच्या प्रशिक्षकाने मला जपून रिकामं केलं. पुढच्या आठवड्यात तुळजाबाई चष्मा लावून टेबलाशी बसल्या. कड्याच्या पुंगळ्या त्यांनी वेगळ्या काढल्या आणि हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने कडं अलगद तासू लागल्या. टोप्या अंगठ्याच्या दाबाने बसायला लागल्या. आबांना ते बघवेना.

"इतकं हळू? सांज व्हईल. आण इकडं!" त्यांनी नेमकं मलाच उचललं. गिरमिट गरागरा फिरवलं. पितळेचा भुसा पडला. टोपी ठेवली, ती बसली. मला उलटं केलं, ती टपकन टेबलावर पडली.

आबा माझ्याकडे डोळे वटारून बघू लागले. "आता सैल! ह्या पुंगळीला झालंय तरी काय?"

तुळजाबाई हसल्या. दौंडहून आल्यापासून पहिल्यांदाच.

"पुंगळीला न्हाई वो," त्या म्हणाल्या. "बसा हितं. बघा मी कसं फिरवती ते."

आणि आबा बसले. कुरकुरत, पण बसले. चष्मासुद्धा लावला.

मी आता मोडीच्या डब्यात आहे. वितळून कशाची तरी कडी होईन, नाहीतर घंटी. तक्रार नाही. फक्त एक सांगते, बाबांनो. एखादी गोष्ट बसत नसेल तर जोर लावायच्या आधी ती उलटी करा आणि कुठं अडतंय ते नीट बघा. आमच्या बुडाकडे कुणी बघतच नाही हो!