पट्टी, थंडी आणि मरून

आणे गावच्या पठारावर गजराबाईंच्या तोंडाला कुणी लागत नसे. निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली. शिवी दिल्याशिवाय मेंढरू हलत नाही अन् माणूसही, असं त्यांचं मत. यंदा बांधावरून घसरून त्यांचं नडगीचं हाड मोडलं. आळेफाट्याच्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. मुलगा हनुमंत घरी जाताना बजावून गेला, "आये, हितं तेवढं तोंड आवर."

गजराबाईंनी ते मनावर घेतलं. दोन दिवस त्यांच्या तोंडून एक शिवी गेली नाही. नात प्रांजल सोबतीला होती, तिलाही आश्चर्य वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले ते कपाळाला आठी घालूनच. "आजी, आमच्या सिस्टरला शिव्या का देता? पोरगी रडतीय."

मागं शिजी उभी होती. केरळातून येऊन तिला आठवडाच झाला होता. मराठी शून्य, हिंदी मोडकंतोडकं. डोळे लाल.

"मी?" गजराबाई उठून बसायला गेल्या अन् कळवळल्या. "आवं, गळ्याची आण! दोन दिस घशात गोळा आलाय माज्या, पर सोडली न्हाई एक बी!"

"अम्मा मेरे को कुत्ता बोलती," शिजी म्हणाली. "भिखारी बोलती. रोज."

"कब बोली?" प्रांजलनं विचारलं.

"पट्टी! तेंडी! पट्टी! तेंडी! ऐसा चिल्लाती. हमारे में पट्टी मतलब कुत्ता. तेंडी मतलब भिखारी."

प्रांजल आजीकडं बघत राहिली. पायाची पट्टी आवळत होती आणि एसीची हवा थेट अंगावर येत होती. दोन दिवस आजी तेवढंच तर सांगत होती.

"अन् तिचं काय?" गजराबाईंचा बांध फुटला. "सकाळ-संध्याकाळ दारात हुबी ऱ्हाऊन तिच्याकडच्या त्या दुसऱ्या नर्सला सांगती, मरुन्नू, मरुन्नू! मी मरून जावं म्हणती. मी बोलले का काय?"

"मरुन्नु?" शिजी गोंधळली. तिनं हातातला गोळ्यांचा ट्रे वर धरला. "मरुन्नु... दवाई!"

डॉक्टर तोंडावर फाईल धरून खिडकीकडं वळले. प्रांजलनं आजीच्या पायाला बोट लावलं, "ये पट्टी." मग अंग आखडून दात वाजवून दाखवले, "ये थंडी." शिजीनं डोक्याला हात लावला आणि हसत सुटली.

"आता हसती!" म्हणत गजराबाईंनी दोन दिवसांचं तुंबलेलं सगळं एका दमात सोडलं. अस्सल पठारावरचं. शेजारच्या खाटेवरच्या ठमाबाईंनी कानांवर पदर ओढला. शिजीनं मात्र ते सगळं शांतपणे ऐकलं, "ओके, अम्मा," म्हणाली, पट्टी सैल केली आणि एसी बंद केला.

"काय गुणाची पोर हाय!" गजराबाई थक्क झाल्या.

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी शिजीला जवळ बोलावलं आणि प्रांजलकरवी विचारलं, तुमच्यातली खरी, जहाल शिवी कोणती? शिजी लाजली, नको नको म्हणाली, मग इकडंतिकडं बघून त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि पळाली.

"आजी, काय म्हणाली गं?"

"गप! इसरंन मी," गजराबाई म्हणाल्या आणि जीपमध्ये बसून पार आण्यापर्यंत ओठ हलवत राहिल्या.