पाण्याच्या गोळ्याची वाचा

मित्रांनो, विभागप्रमुख साहेबांची भर बैठकीत जिरवणारा जुना संगणक तो मीच. माझा पंखा घरघरतो, पडद्यावर पिवळा डाग पडला आहे, पण राग मात्र अजून कोरा करकरीत आहे.

माझा जन्म कारखान्यातला, पण उमेदीची वर्षे गेली ती रुग्णालयाच्या तळघरातल्या थंड खोलीत. शेजारीच मोठे स्कॅन यंत्र आहे. माणूस त्यात झोपून मनातल्या मनात शब्द म्हणतो, तेव्हा मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावते. त्या बारीक फरकाचे आकडे माझ्याकडे येतात. खरा फरक कोणता आणि नुसती खरखर कोणती, हे मी निवडतो आणि सगळ्यांसाठी ठरलेल्या एकाच नमुना मेंदूच्या चित्रावर त्या जागी तांबडा ठिपका लावतो. निकष कडक ठेवला की ठिपके थोडे, पण खात्रीचे. सैल सोडला की ठिपक्यांना तोटा नाही.

सुरुवातीला माझे काय कौतुक! पाहुणे आले की साहेब माझ्या पाठीवर थाप मारायचे. पुढे त्यांना ठिपक्यांची घाई झाली. 'निकष फार सैल आहे', 'डोके हलले आहे', 'फाइल तपासा', अशा सूचना मी इमानाने दाखवायचो. एके दिवशी वैतागून त्यांनी त्या सगळ्या बंद करून टाकल्या. माझे तोंडच बांधले म्हणा ना! तेव्हाच मी मनाशी खूणगाठ बांधली, की यांना एकदा धडा शिकवायचा.

मग बालवाडीच्या एक बाई आल्या. त्यांच्या मेंदूत गाठ होती. ती काढताना बोलण्याची जागा कापली गेली, तर बाईंची वाचा कायमची जाणार होती. स्कॅनमध्ये त्यांना खोकल्याची उबळ आली आणि डोके हलले.

"साहेब, परत घेऊ या ना," तंत्रज्ञ ताई म्हणाल्या.

"वेळ कुठंय? निकष सैल करा, येतोय की ठिपका!"

ठिपका आला, गाठीपासून चांगला लांब. साहेब खूश. वर मलाच म्हणतात, "बैठक झाली की हे डबडं भंगारात काढा."

बैठकीला सर्जन मॅडम आल्या. साहेबांनी गडबडीत बाईंच्या फाइलऐवजी यादीतली तिच्या खालची फाइल उघडली. ती होती पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या गोळ्याची. यंत्र नीट चालते का हे बघायला रोज सकाळी तो गोळा आत ठेवतात. मी सावध केले? छे! माझे तोंड बांधले होते ना? मी मुकाट्याने तोच सैल निकष लावला आणि नुसत्या खरखरीतून नमुना मेंदूवर सुरेख ठिपके काढून दिले.

"ही बघा बाईंची वाचा," साहेब ऐटीत म्हणाले. "गाठीभोवती बिनधास्त कापा."

ताईंनी कोपऱ्यातले फाइलचे नाव वाचले. "साहेब, हा आपला पाण्याचा गोळा आहे."

सर्जन मॅडमनी चष्मा काढला. "पाणी बोलायला लागलं का तुमचं?"

खोलीत हशा पिकला. साहेबांचा चेहरा ठिपक्यांहून लाल झाला. मित्रांनो, काय सांगू, माझ्या जिवाला गार वाटले.

बाईंचे स्कॅन परत झाले, कडक निकषाने. बोलण्याची जागा गाठीला अगदी खेटून निघाली. सर्जन मॅडमनी दुसऱ्या बाजूने वाट काढली. परवा बाई तळघरात येऊन ताईंशी पोटभर गप्पा मारून गेल्या. साहेब दारातूनच माघारी वळले; मला भंगारात काढायचे नावही ते आता घेत नाहीत.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसत जा आणि आम्ही काही सुचवले तर ते वाचत जा. एवढीच विनंती. ताई म्हणतात, झाले गेले विसरून जावे. मी नाही विसरणार. बाईंना बोलताना ऐकले की मला साहेबांचा जास्तच राग येतो.