बोटाखालची वायर

बाबा गेले त्या वर्षी दुखवट्यामुळे घरात खंडेनवमी झालीच नव्हती. म्हणून यंदा आईने, वत्सलाने, पाट कसा अगदी हौसेने मांडला होता. कोयता, कुदळ, थोरल्या प्रज्योतच्या टिपर ट्रकच्या चाव्या, बाबांचा सोल्डरिंग आयर्न, आणि मधोमध झेंडूच्या माळेत बाबांच्या खेळाच्या मशीनचा तो हिरवा बोर्ड. त्यावर हळदकुंकवाचं पाणी. तेही हात सैल सोडून शिंपडलेलं.

आमोण्याहून तान्ह्या निहारला घेऊन माहेरी आलेल्या गौरवीने ते पाहिलं आणि ती तशीच पाटाशी वाकली.

"आये, बोर्डावर पाणी घातलंस गो?"

"तुझ्या बापायचो देव तो. त्याका जरा जास्तच घातलंय."

धारगळच्या हायवेला बाबांचं, भिकाजींचं, व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बाकीची मशिनं भंगारात गेली, राहिला हा एकच बोर्ड. त्याचं दुखणं असं, की खेळ चालू व्हायचा तो आत साठवलेल्या एका खुणेवर, आणि ती खूण जगायची कोपऱ्यातल्या एका सेलवर. सेल म्हातारा झाला की बदलायचा, पण नवा जोडून मगच जुना काढायचा. मधे वीज तुटली की बोर्ड कायमचा मुका. "पोर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतात ना, तसं," बाबा शिकवायचे. "मधे हात सोडायचो नाय." पुजेला ठेवताना ते सेलवर प्लास्टिक गुंडाळत. आईला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

गौरवीने सेलला मीटर लावला. पाण्याने सेल उतरत होता, आकडा बघता बघता खाली सरकत होता. तिने बोर्ड उचलला, आयर्नही उचलला.

"नको गो बाये!" वत्सला धावली. "पुजेतली हत्यारां फाल्यां दसऱ्याक हालवतत. आज उचलूची नसतत."

"फाल्यांपर्यंत हा जगायचा नाही, आये."

बाबांनी तिच्यावर कधी हात उगारला नाही. दुकानात, या बोर्डावर वाकून, ते तिच्याशी हळू आवाजात बोलत. बाबांचा तेवढाच आवाज तिला जपून ठेवायचा होता.

उजेड येणाऱ्या जनेलाखालच्या मेजावर तिने पसारा मांडला. निहार खाली गोधडीवर मूठ तोंडात घालून झोपला होता. नवा सेल दोन वायरींनी, चिमटे लावून, तात्पुरता जोडला. मग जुना सेल काढला. तापलेला आयर्न उजव्या हातात होता. आता नवा कथिलाने पक्का डागायचा, की झालं.

तेवढ्यात टिपराला बांधायच्या माळा खांद्यावर टाकून प्रज्योत आला. पाटावरची रिकामी जागा त्याला उंबऱ्यातूनच दिसली.

"पुजा कोणी मोडली?"

"दादा, एक टाका घालते, लगेच परत ठेवते."

"माझ्या चाव्या ह्याच पुजेत आसत!" त्याचा आवाज चिरकला. "फाल्यां उतारार ब्रेक लागले नाय तर? माका कोण वाचयतलो? ह्यो पत्रो?"

त्याने मेजाला लाथ घातली. बोर्ड उडाला, एक चिमटा निसटला. गौरवीने झडप घालून वायरीचं टोक डाव्या बोटाने बोर्डावर दाबून धरलं. बाबा सांगायचे, एखादा श्वासभर तरी तो तग धरतो. तेवढ्यात तिने गाठलं होतं.

प्रज्योतने तिचे केस धरले आणि डोकं जनेलाच्या चौकटीवर आपटलं. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून बोर्डापर्यंत ओघळलं. निहार किंचाळत उठला. तिने बोट उचललं नाही.

"सोड तां!"

"नाही सोडणार!"

त्याने पुन्हा आपटलं. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी बोट तिथेच.

"मोडलीच ना? मग पुरीच मोडूया!" त्याने पाटावरचा कोयता उचलला.

"अरे मेल्या, पुजेतलो कोयतो तो!" वत्सला ओरडली. लेकीचं रक्त दिसत असताना तिच्या तोंडून तेच निघालं.

कोयता गौरवीच्या बोटाशेजारी मेजात रुतला. प्रज्योत तो उपसायला लागला. उपसून झाला असता तर पुढचा घाव कुठे बसला असता, कुणास ठाऊक. गौरवीने उजव्या हातातला तापलेला आयर्न त्याच्या मनगटावर टेकवला. टेकवला आणि दाबला.

चर्र झालं. कातड्याचा वास घरभर पसरला. तो गुरासारखा ओरडला आणि भिंतीला पाठ घासत खाली बसला.

मनगटावर त्याला लहानपणापासून एक काळपट वण होता. फटाक्याने भाजला, असं घरात सगळे सांगत. आता त्याच्या शेजारी दुसरा उमटत होता. तेवढाच आणि तसाच.

प्रज्योत दोन्हींकडे बघत राहिला. मग हसला, आणि ते हसणं तिला माराहून जास्त लागलं.

"फटाको नव्हतो तो, गौरू. बोर्डाक हात लावलंय म्हणून बाबान ह्योच आयर्न लावलेलो. अगदी असोच दाबून धरलेलो."

तिने आईकडे पाहिलं. वत्सला पदराने पाटावरचं पाणी पुसत होती. पाट केव्हाच कोरडा झाला होता.

गोधडीवर निहार रडून लाल झाला होता. दोन्ही हात वर करून तो तिच्याकडे झेपावत होता, नेमका आयर्नच्या दिशेने. टोकातून अजून धूर निघत होता. तिने आयर्न मेजावर ठेवला आणि प्लग ओढून काढला.

डावं बोट अजून वायरीवर होतं. आयर्नच्या गरम टोकावर कथील होतं, एका टाक्यापुरती धग अजून होती.

तिने बोट उचललं.

काही झालं नाही. ना ठिणगी, ना आवाज. बोर्ड आता कायमचा मुका होता, पण दिसत होता तसाच, हिरवा, अंगावर कुंकू आणि तिचं रक्त.

तिने निहारला उचलून छातीशी घट्ट धरलं. त्याचे हुंदके उतरेपर्यंत ओला ओठ त्याच्या टाळूवर टेकवून ठेवला. मग त्याला आईच्या मांडीवर दिलं.

"दादा, ऊठ. नळाखाली हात धर."

"सोड गो माका."

तिने त्याचं मनगट पाण्याखाली ओढलं. त्याने हिसका दिला. तिने धरून ठेवलं.