आसन एक्कावन्न

सिनेटमध्ये तिला सगळे हजेरीबाई म्हणायचे. खरं पद होतं मतवाचक अधिकारी, पण ते दारावरच्या पाटीपुरतं. साठ सिनेटर, साठ आसनं. मतदान आलं की हिने एकेका आसनाचा क्रमांक पुकारायचा, समोरून ‘होय’ किंवा ‘नाही’ आलं की कागदावर खूण करायची. बावीस वर्षं हेच. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एकदा. समोर साठ शहाणे एकमेकांवर खेकसताहेत, आणि आपला आवाज ना वर, ना खाली. बाईला यातलं काय पटतंय, ते कुणाच्या बापाला कळता कामा नये.

नियम असा की क्रमांक पुकारायचा, उत्तर नाही आलं तर मनात तीन मोजायचे, पुन्हा पुकारायचं, पुन्हा तीन. तरी कुणी बोललं नाही तर ‘अनुपस्थित’ म्हणून पुढे. मागे फिरणं नाही.

या नियमातून एकाच माणसाला सूट होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. आसन एक्कावन्न. एक्क्याऐंशी वर्षांचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, सगळे त्यांना काठीवाले म्हणत. भाषणं चालू असताना ते व्हरांड्याच्या पार टोकाच्या खोलीत पाय वर करून बसत आणि मतदानाची घंटा झाली की निघत. पन्नास आसनं होईपर्यंतसुद्धा त्यांचा व्हरांडा संपत नसे. मग हजेरीबाई चष्मा पुसायची. पाण्याचा घोट घ्यायची. कागद उगाच सरळ करायची. काठीची टकटक दारात आली की दुसरा पुकार. सभापती छताकडे बघत, विरोधी बाकांवरचे गालातल्या गालात हसत, पण हरकत कधी कुणी घेतली नाही. धान्याच्या तहाला ती थांबली, मासेमारीच्या तहाला थांबली, टपालाच्या एका तहाला थांबली, जो तिच्याखेरीज कुणी वाचलाही नव्हता. घरी जेवताना ती हे नक्कल करून सांगायची आणि भावजय हसून हसून बेजार व्हायची.

आता जो तह आला होता तो कैद्यांचा. एका देशात शिक्षा झालेल्या माणसाने उरलेली शिक्षा आपल्या देशात भोगायची, असा शेजारच्या देशाशी करार. सरकारने सही केव्हाच ठोकली होती. पण साठातल्या चाळीस सिनेटरांनी होय म्हटल्याशिवाय त्या सहीला काडीची किंमत नाही. आणि तह पडला, तर या सिनेटची मुदत संपेपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, पुन्हा आणता येत नाही.

हजेरीबाईचा धाकटा भाऊ तिकडच्या तुरुंगात होता. ट्रक चालवायचा. उतारावर ब्रेक लागले नाहीत, दोन माणसं गेली. अकरा वर्षांची शिक्षा. चार झाली, सात राहिली. तह झाला तर ती सात त्याने इथे काढली असती, घरापासून बसने चाळीस मिनिटांवर. तो गेला तेव्हा त्याची मुलगी तीन वर्षांची होती. आता सातव्या वर्षी तिला बापाचा फक्त फोनवरचा आवाज माहीत होता.

सिनेटच्या सचिवांना हे ठाऊक होतं. आठवडाभर आधी त्यांनी तिला बोलावलं.

“त्या दिवशी रजा घ्या. दुसरं कुणी वाचेल.”

“रजा घेतली तर बोभाटा होईल, साहेब. बाईचा भाऊ आत आहे हे सगळ्यांना कळेल.”

“आणि वाचलंत, नंतर कळलं, तर?”

“तर कागद तपासू देत. एक खूण इकडची तिकडे सापडणार नाही.”

आणि ती तयारीलाच लागली. घरी घड्याळ समोर ठेवून साठ आकडे वाचायची. आवाज थरथरला तर लोक काय म्हणतील, एखाद्या ‘होय’पाशी क्षणभर रेंगाळले तर काय म्हणतील, असल्या विचारांनी डोक्याचा भुगा झाला. शेवटी शेवटी आतलं सगळं बधिर पडलं. जीभ आपली चालत राहिली.

मतदानाच्या दिवशी घंटा झाली आणि ती वाचू लागली. आसन एक, होय. आसन दोन, नाही. तिला ना धडधड झाली ना घाम आला. तिचं तिलाच नवल वाटलं. पन्नास आसनं झाली.

“आसन एक्कावन्न.”

जागा रिकामी. व्हरांड्यातून टकटक ऐकू येत होती. तिने मनात तीन मोजले. हात चष्म्याकडे गेला, आणि तिने तो मुद्दाम खाली आणला. आज नाही. आज थांबले तर ते भावासाठी थांबल्यासारखं होईल.

“आसन एक्कावन्न.”

एक, दोन, तीन.

“अनुपस्थित. आसन बावन्न.”

काठीवाले दारात आले तेव्हा बावन्नवाल्या बाई नाही म्हणत होत्या. “होय!” ते धापा टाकत म्हणाले. “एक्कावन्न, होय!” अख्खं सभागृह हजेरीबाईकडे वळलं. विरोधी पक्षाचा नेता अर्धवट उठला, “अहो, आपण तर नेहमी...” एवढं बोलला आणि बसला. त्याच्या सोयीचंच झालं होतं, तो कशाला पुढे बोलतोय! सभापतींनी घसा साफ केला आणि नोंद झाली आहे म्हणून सांगितलं. तिने पुढची आठ आसनं वाचली. मग बेरीज वाचली. होय एकोणचाळीस, नाही वीस, अनुपस्थित एक. तह नामंजूर. शेवटच्या शब्दालासुद्धा आवाज तसाच होता, ना वर ना खाली.

अर्ध्या तासाने काठीवाले तिच्या टेबलापाशी आले. गैरहजर राहिलेल्या सिनेटरला आपण काय मत दिलं असतं ते नोंदवून ठेवता येतं. त्याने निकाल बदलत नाही. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. ‘मी हजर असतो तर होय म्हटलं असतं.’ तिने खाली तारीख घातली. त्यांनी सही केली, पण गेले नाहीत.

“माझं काही चुकलं का बाई? आज तुम्ही थांबला नाहीत.”

“नियमात बसत नाही, साहेब.”

“बसत तर कधीच नव्हतं,” म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

ती घरी पोचली तेव्हा भावजय टीव्हीसमोर उभी होती. टीव्हीवर काठीवाल्यांना धारेवर धरलं होतं.

“तळपट होवो त्या थेरड्याचं! एका मताने, ताई! जरा लवकर उठायला काय धाड भरली होती?”

“त्यांना बोल लावू नकोस. मी थांबले नाही.”

“म्हणजे? तुम्ही तर नेहमी थांबता.”

“आज आपला तह होता म्हणून नाही थांबले.”

भावजयीने टीव्ही बंद केला. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भावाच्या फोनचा वार होता, तुरुंगातून दहा मिनिटं मिळायची. फोन वाजला तेव्हा ती उठलीसुद्धा नाही.

“तुम्हीच सांगा,” म्हणाली.

हजेरीबाईने सांगितलं. एका मताने पडला, म्हातारे व्हरांड्यात होते, मी थांबले नाही. लपवलं काहीच नाही, आणि सांगताना रडूही आलं नाही.

“कितीसं थांबायला लागलं असतं, ताई?” भावाने विचारलं.

“अर्धं मिनिटसुद्धा नाही.”

तो गप्प झाला. तिकडे कुठेतरी लोखंडी दार आपटल्याचा आवाज आला. ती मनात मोजू लागली. बावीस वर्षांची सवय, जाते कुठे! तिसापर्यंत मोजून झालं तरी तो बोलला नव्हता. तेवढ्या वेळात काठीवाले आरामात येऊन, बसून, मत देऊन मोकळे झाले असते. आणि मग इतके दिवस मेल्यासारखं पडलेलं ते आतलं काहीतरी हललं.

“बरं,” भाऊ म्हणाला. “पोरीला दे. तीन मिनिटं उरलीत.”